दोनशे वाक्यं

समीक्षानं पातळ पातं सरकवून पेन ड्राइव्हचं प्लास्टिकचं कवच उघडलं, तशी अरुंधतीबाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात घट्ट धरला.

घशाच्या ऑपरेशननंतर दिगंबररावांचा आवाज कायमचा जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी रोजच्या बोलण्यातली दोनशे वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवली होती. मोबाइलवर घ्यायची तेवढी राहिली, आणि पेन ड्राइव्हच बंद पडला. तळेगावातल्या दोन दुकानदारांनी हात टेकले. तिसऱ्यानं लोणावळ्याच्या समीक्षाचं नाव सांगितलं.

समीक्षानं भिंगातून कंट्रोलर चिपवरचा नंबर वाचला आणि त्याच चिपच्या दुरुस्तीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर उघडलं.

"काकू, याचं फर्मवेअर, म्हंजे ड्राइव्ह चालवणारा आतला प्रोग्राम, बिघडलंय. फायली आत असतील, पण दार उघडणारा माणूसच बेशुद्ध पडलाय."

"मग?"

"सरळ दुरुस्त केला तर ड्राइव्ह चालू होईल, पण आतलं सगळं पुसलं जाईल. मी तसं न्हाई करणार. तात्पुरतं फर्मवेअर देऊन चिपला जागं करते आणि फायली काढून घेते. वेळ लय जाईल, चालेल ना?"

दिगंबररावांनी जोरजोरात मान हलवली.

तिनं चिपला जागं करायला चिमट्याच्या टोकानं तिच्या दोन पिना जोडून धरल्या आणि ड्राइव्ह लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. पाचव्या खेपेला पडद्यावर फोल्डर उमटलं. आधी सगळ्या फायली तिनं कॉम्प्युटरवर उतरवल्या, मगच माउस त्यांच्यापुढं सरकवला.

"काका, तुमीच लावा."

त्यांनी एक फाइल उघडली.

"अरुंधती, चहा ठेव गं."

"ठेवते," म्हणत अरुंधतीबाई उठल्यासुद्धा. समोर वायरींची भेंडोळी दिसली, तेव्हा कुठं चार महिन्यांनी ऐकलेला तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचला. त्या मटकन खाली बसल्या.

"बसा काकू, चहा मी सांगते," म्हणून समीक्षा घाईघाईनं बाहेर गेली.

दिगंबरराव पडद्यावरच्या फायलींच्या यादीवरून बोट फिरवत राहिले. शेवटपर्यंत गेले, पुन्हा वर आले. औषध दे, पंखा लाव, चष्मा कुठं ठेवलास, सगळं होतं. हवं ते वाक्य नव्हतं. अखेर त्यांनी खिशातली वही काढून लिहिलं, 'आभारी आहे.'

समीक्षा परत आल्यावर त्यांनी वही तिच्यापुढं धरली. ती लाजून हसली.

मग त्यांनी तेच पान बायकोकडे वळवलं, आणि चहा निवला तरी खाली ठेवलं नाही.