निलगिरीखालची टेंभुर्णी

माझा स्वभाव तापट आहे, हे पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत कोणीही सांगेल. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी माझा सहा एकर माळ आहे. नऊ वर्षांपूर्वी तिथे निलगिरी लावली. तेव्हापासून दर फाल्गुनात माळाजवळच्या गावातली नानीबाई तिथल्या बाया घेऊन यायची आणि झाडांखालचा कचरा काढायची. कचरा म्हणजे निलगिरी सोडून जे जे हिरवं, ते. "मुळासकट काढा," असं मी दरवर्षी बजावायचो आणि दरवर्षी तीच झुडपं जास्तच जोमाने वर यायची. मग सगळ्या बायांदेखत मी नानीबाईला कामचोर म्हणायचो. साठीची बाई, ऐकत ऐकत विळा चालवत राहायची.

यंदाही फाल्गुनात सफाई झाली, मग निलगिरी तोडून विकली. बुंधे उपटून, खोल नांगरून पुन्हा निलगिरीच लावायची म्हणून चैत्रात जेसीबी आणला. चालक धर्मेंद्रने मशीन सुरू केलं आणि नानीबाई थेट त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"आबा, मुया मीच राहू दिध्यात. बठ्ठ्या बायासले मीच सांगेल व्हतं, वरथीन कापा."

माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षं मुळं तशीच ठेवून मला फसवलंस म्हणून तोंडाला येईल ते बोललो. मग वाकून तिने एक फांदी हातात धरली. तांबूस, कोवळी, तळहाताएवढी पानं.

"टेंभुर्णी शे. फागुनमा छाटं का चैतमा असं मोठं पान फुटस. तुम्ही निलगिरी लाई, तवय आमनं पान गयं. डोंगरमा दोन कोस जावं लागे. पण मुया जित्या व्हत्यात."

म्हणजे बिडीच्या पानासाठी जंगलात जी छाटणी करतात, तीच मी नऊ वर्षं हट्टाने करवून घेत होतो, वर ओरडतही होतो. आधी मला हसू आलं, मग फार लाज वाटली. हिने माझ्या शिव्या खाल्ल्या आणि माझाच माळ जिवंत ठेवला.

"आणखी काय काय आहे इथे?" मी विचारलं.

तिने जेसीबीकडे पाहिलं. "पहिले ते मशीन माघारे धाडा. मंग दखाडसू."

माझ्यावर तिचा विश्वास नव्हता आणि का असावा? नव्या रोपांची ऑर्डर देऊन झाली होती, घरी काय सांगायचं हाही प्रश्नच होता. तरी मी धर्मेंद्रला हात केला. "ने परत. काम रद्द."

मशीन रस्त्याला लागेपर्यंत नानीबाई जागची हलली नाही. मग पाचोळा बाजूला सारत दाखवू लागली. हा पळस, हे मारवेल गवत, ही बोर. नीट बघायला मी पुढे झालो.

"पाय उचला, आबा!" ती ओरडली.

माझ्या बुटाखाली चारोळीचं बोटभर रोप होतं. मी पाय उचलला आणि स्वतःच्याच माळावर एका पायावर उभा राहिलो. दुसरा कुठे टेकवावा, तेच कळेना.