उजव्या बाजूची पिशवी

शिल्पा मेश्राम भिलाईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. त्या सकाळी तिनं फळ्यावर ॲम्फिऑक्सस काढला: समुद्राच्या वाळूत अर्धा रुतून राहणारा, बोटाएवढा, माशासारखा दिसणारा पण मासा नसलेला जीव. त्याच्या आतड्यातून उजव्या बाजूला एक बंद पिशवी पुढं आलेली असते. ती दाखवत शिल्पा म्हणाली, "याला आपल्यासारखं लिव्हर नसतं. पण लिव्हरची सुरुवात अशाच पिशवीतून झाली असावी, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. आईच्या पोटात आपलं लिव्हरही आतड्यातून असंच कोंबासारखं फुटतं."

समृद्धी नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅम, म्हणूनच का ते कापलं तरी परत वाढतं?"

"त्याचं कारण वेगळं. पण हो, वाढतं," शिल्पा म्हणाली. तास संपायला वीस मिनिटं होती, तरी तिनं वर्ग सोडला.

दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाचं, आनंदचं, लिव्हर काविळीनं निकामी झालं. तो भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. त्याला लिव्हरचा तुकडा देता येईल का, म्हणून शिल्पाच्या तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. मग रायपूरच्या डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारलं, "मनापासून तयार आहात? नसाल, तर घरी 'जुळलं नाही' एवढंच सांगू."

हा अवयव भरून येतो, हे ती पंधरा वर्षं मुलांना शिकवत होती. तरी तिला भीती वाटली. "जुळलं नाही म्हणून सांगा," ती म्हणाली.

लिव्हर शेवटी आनंदच्या बायकोनं, खुशबूनं, दिलं. जवळच्या उतई गावातल्या छत्तीसगढी घरातली ही मुलगी. लग्नाला सगळ्यात जास्त विरोध शिल्पानंच केला होता.

कॉलेजातून शिल्पा थेट त्यांच्या क्वार्टरवर गेली. खुशबू अंगणात बाजेवर वड्या घालत होती.

"दीदी, आज लवकर?"

"खुशबू, माझं जुळलं होतं. मीच नाही म्हटलं."

खुशबूचा हात पिठात तसाच राहिला.

"मले बी डॉक्टरनं तसंच विचारलं होतं," ती म्हणाली. "मी बी आधी नाहीच म्हटलं. बाहेर आली तर हे म्हणत होते, 'ताईचं जुळलं नाही, बिचारी किती रडली, तिले कोणी काही बोलू नका.' तुमचीच फिकर करून राहिले होते. मग मी परत आत गेली."

शिल्पाला वाटलं होतं, बोललं की छाती हलकी होईल. ती झाली नाही. "त्याले सांगू?" तिनं विचारलं.

"भाऊ तुमचा आहे, दीदी. मी काय सांगू?"

अडीच वाजता आनंद ड्युटीवरून आला. आता त्याला हलकं काम दिलं होतं. तो बूट काढत असतानाच शिल्पानं सगळं सांगून टाकलं. एक बूट हातात धरून तो खाली बसला.

"कावून सांगितलं तू मले?" तो म्हणाला. "मी चांगला होतो न, ताई."

"मले राहवलं नाही रे."

"तुले राहवलं नाही," तो हळूच म्हणाला आणि आत गेला. शिल्पा निघाली तेव्हा फाटकापर्यंत आला. "रविवारी येऊ नको. पुढच्या महिन्यात पाहू."

पुढच्या महिन्यात ती गेली. आनंदनं पाणी आणून दिलं, तब्येत विचारली. तिच्याजवळ बसला मात्र नाही.