भोक पाडलेलं नाणं

डेक्लनने हात पुढे केला, तेव्हा सुभाषने गळ्यातला काळा गोफ काढून त्याच्या तळहातावर ठेवला. गोफात त्याच्या गेलेल्या बायकोचं, मेधाचं नाणं होतं आणि नाण्याच्या दोन्ही अंगांना तिच्या मंगळसूत्रातला एकेक काळा मणी.

डेक्लन म्हणजे डायव्हिंग क्लबमधला सगळ्यात जुना माणूस. त्याने नाणं उलटं केलं, सुलटं केलं. एका बाजूला सील प्राण्याचं मिशाळ तोंड, दुसऱ्या बाजूला मेधाचं नाव. नावाच्या वर त्याचा अंगठा थांबला.

"हे भोक कुणी पाडलं?"

"मी," सुभाष म्हणाला. "दुकानं बंद होती ना तेव्हा. शेजाऱ्याचं ड्रिल मागून आणलं. का रे?"

डेक्लनने नाणं पुन्हा उलटं केलं. बाजूला ग्रोन्या रबरी सूट कमरेपर्यंत चढवून उभी होती. ही मेधाची पाण्यातली जोडीदारीण. गेली काही वर्षं दोघींनी एकमेकींचे श्वास मोजले होते. तिने नाण्याकडे एकदा पाहिलं आणि सूटची चेन उगाच खालीवर करत राहिली.

आयर्लंडमधल्या विक्लोच्या किनाऱ्यावरचा तो दगडी धक्का. जून महिना, दोन हजार एकवीस. कोविडमुळे अख्खा हिवाळा माणसांनी आपापल्या घरात काढला होता, आणि आता कुठे चारचौघांना उघड्यावर भेटायची मुभा मिळाली होती. क्लब पहिल्यांदाच पाण्यात उतरणार होता, तोही एकाच कामासाठी. मेधाचं नाणं खाली न्यायचं.

कारण क्लबची रीतच तशी. थंडीच्या दिवसांत खुल्या समुद्रात उतरून जो धड वर येईल, त्याला नाणं मिळायचं. डबीत नाही, पाकिटात नाही. हस्तांदोलन करता करता एका तळव्यातून दुसऱ्या तळव्यात. मग ते जन्मभर जवळ बाळगायचं. कुणी कधीही आपलं नाणं गाडीच्या टपावर ठोकलं, की बाकीच्यांनी आपापलं काढून दाखवायचं. ज्याच्याजवळ नसेल, त्याने सगळ्यांचे चहाचे मग विसळायचे. आणि माणूस गेला, की त्याच्या जोडीदाराने त्याचं नाणं खाली न्यायचं. धक्क्यापासून थोडं आत, पाण्याखाली खडकात एक कपार होती. गेलेल्यांची नाणी तिथे ओळीने मांडून ठेवलेली होती.

मेधाने ही रीत जिवापाड पाळली. नागपूरची मुलगी, चाळिशी गाठेपर्यंत तलावात पाय घातला नव्हता. स्वोर्ड्सच्या पोहण्याच्या तलावात लहान पोरांच्या रांगेत उभी राहून शिकली. सुभाष तेव्हा हसायचा. "अगं, पोरं तुला आजी म्हणतील." "म्हणू देत. आजी बुडत नाही म्हणजे झालं." सँडीफोर्डच्या हॉलमधल्या गणपतीला पैठणी नेसून गेली, तरी नाणं कमरेला खोचलेलं. तिथे क्लबचं चिटपाखरू नव्हतं. एकदा दुसऱ्या जाकिटात राहिलं, तर डेक्लन म्हणाला, "जाऊ दे गं, आज पाऊस आहे." ही पावसात उकिडवी बसून सगळे मग विसळत राहिली.

सुभाष आपला गाडीत बसायचा. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टरची नोकरी, पाण्याची भीती, थर्मासमधला चहा. ती धक्क्याच्या पायऱ्या उतरताना गुणगुणायची ते तेवढं त्याच्या कानावर यायचं. ओवी तिची तिनेच रचलेली:

पाण्याच्या गं घराला, नाही दार नाही कडी,
तिथं माझी मी गं बाई, एवढी घटका एवढी घडी.

जानेवारीत तिला दवाखान्यात नेलं ते नेलंच. निरोप टॅबलेटच्या पडद्यावर झाला. अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती. शववाहिका स्वोर्ड्सच्या घरापासून निघाली, तेव्हा क्लबची माणसं फुटपाथवर अंतराअंतराने उभी होती, छातीवर मूठ दाबून. मुठीत नाणी होती, हे सुभाषला मागाहून कळलं. दवाखान्यातून तिच्या वस्तू पिशवीत आल्या. घरात सुतक, दाराशी कुणी येणार नाही, तिचे आई-बाबा तिकडे नागपूरला फोनपाशी. त्या दिवसांत त्याने नाण्याला भोक पाडलं आणि शर्टाच्या आत घातलं. तेव्हापासून ते छातीवरून हललं नव्हतं.

"काय झालंय, सांगशील का?" त्याने पुन्हा विचारलं.

उत्तर त्याच्या मुलीने दिलं. श्रावणी एकोणीस वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं ते डब्लिनचं इंग्रजी. ती गाडीला टेकून उभी होती. शर्टाच्या आत बापाने काय घातलंय, हे तिलाही आत्ताच दिसलं होतं.

"बाबा, भोक पाडलं की ते नाणं राहत नाही," ती तिच्या इंग्रजीत हळूच म्हणाली. "साखळीत घातलं, कडीला लावलं, की ते मोजत नाहीत. आईने सांगितलं नव्हतं तुला?"

"मोजत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे दागिना होतो तो," डेक्लन म्हणाला. त्याला ते बोलायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. "कपारीत फक्त नाणी ठेवतो आपण. माझ्या बायकोच्या भावाचं असंच होतं, किल्ल्यांच्या कडीत. नाही नेलं."

"मी नेते," ग्रोन्या म्हणाली. "कोण बघायला बसलंय खाली? खेकडे?"

"एक्झॅक्टली," श्रावणी म्हणाली. "इट्स ग्रँड, बाबा, काही बिघडत नाही. दे तिला."

डेक्लनने नाणं परत सुभाषच्या हातात दिलं. "तुझी बायको. तू सांगशील तसं. मी तोंड उघडणार नाही."

सुभाष हातातल्या नाण्याकडे बघत राहिला. भोक सरळसुद्धा पडलं नव्हतं. ड्रिल घसरलं होतं, तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ओरखडा उठला होता. आणि त्याला ती संध्याकाळ आठवली. नाणं मिळालं त्या दिवशी ती केस पुसत स्वयंपाकघरात उभी होती. तो कौतुकाने म्हणाला होता, "पुढच्या खेपेला नागपूरला सोनाराकडून कडी बसवून घेऊ. गळ्यात घाल." ती हसली होती. "गळ्यात आहे की एक, तुझ्या नावाचं. हे माझ्या नावाचं. ते खिशातच बरं."

त्याला वाटलं होतं, चेष्टा करतेय.

संसारात तिने मागितलं काय होतं? घर दोघांचं, मुलगी दोघांची, बँकेचं खातं दोघांचं. एवढंसं एक नाणं तिचं एकटीचं होतं. ती गेली, आणि ज्याने आयुष्यभर तिच्यावर माया केली, त्याच माणसाने त्याला भोक पाडून, काळे मणी ओवून ते आपल्या गळ्यात अडकवलं.

"मेधा नेऊ देईल का गं?" त्याने ग्रोन्याला विचारलं. "खरं सांग. तू तिला माझ्याहून जास्त..."

ग्रोन्याने नाण्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग मान हलवली. नाही.

"नाहीच देणार," सुभाष म्हणाला. "पावसात मग विसळणारी बाई ती. राहू दे मग."

"बाबा, प्लीज." श्रावणी गाडीपासून पुढे आली. "आईचं तिथे काहीच नसणार मग. बाकी सगळ्यांचं आहे."

"हो गं राणी," तो म्हणाला. "माझ्यामुळे नसणार."

त्याने गोफ हाताभोवती गुंडाळून मूठ मिटली. गळ्यात पुन्हा घालायला हात वर जाईना.

ग्रोन्याने सूटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "मी जाऊन येते," ती म्हणाली. "तिला भेटायला नाणं लागत नाही." डेक्लनने तिच्या पाठीवरचा सिलिंडर नीट बसवला, आपलाही चढवला आणि दोघेही पायऱ्या उतरले. पाणी हिरवं, जड होतं. डोकी आत गेली, पाठोपाठ बुडबुडे वर आले आणि आतल्या खडकांच्या दिशेने सरकत गेले. श्रावणी बापाच्या खांद्याला खांदा लावून बसली. एक कुत्रं येऊन दोघांचे बूट हुंगून गेलं.

बऱ्याच वेळाने दोघे वर आले. ग्रोन्याचे ओठ निळे पडले होते. सुभाषने उठून तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. ती त्याच्याजवळच दगडावर बसली.

"ओळीत शेवटचं नाणं नोएलचं, आमच्यातलाच तो," ती म्हणाली. "त्याच्या शेजारी जागा सोडलीय आम्ही. वाळू साफ केली. पुढे कुणाचंही आलं, तरी ते जागा सोडून पलीकडे ठेवायचं. डेक्लनने कबूल केलंय."

सुभाषने तो खडक, ती कपार कधी पाहिली नव्हती, पाहणारही नव्हता.

"केवढी?" त्याने विचारलं.

ग्रोन्याने हातमोजा ओढून काढला. अंगठा आणि तर्जनी जुळवून तिने नाण्याएवढी जागा त्याच्यासमोर धरली. थंडीने बोटं थरथरत होती, त्यामुळे ती जागा कधी लहान होत होती, कधी मोठी.