मरणाची रजा

आमचा मार्चेल आईला फोन करतो तो चालता चालता, नाहीतर तोंडात घास असताना. "बोल आई, पटकन बोल, गाडी येतेय." आईशी बोलायला माणूस निदान खाली बसतो. हा बसत नाही, कारण ह्याचा एक पाय ह्या देशात आणि दुसरा त्या देशात. सोमवार ते शुक्रवार जर्मनीत डुकरं कापायच्या कारखान्यात, शनिवार-रविवार सीमेपलीकडं हॉलंडमध्ये काचेच्या छपराखालच्या मळ्यात टोमॅटो तोडायला. ह्या मालकाला त्या मालकाचा पत्ता नाही. मी विचारलं, "झोपतोस कधी रे?" तर म्हणाला, "दोघांच्या मधल्या रस्त्यावर," आणि हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

सगळं कशासाठी, तर गावाच्या टोकाला बांधलेल्या नव्या घरावर दुसरा मजला चढवायला. पहिल्या मजल्यावर अजून कुणी पाठ टेकलेली नाही.

त्याशिवाय आमचं जुनं घर आणि द्राक्षाचा मळा, तेही त्याचंच व्हायचं होतं. आमच्याकडं घर धाकट्याला जातं, आणि त्याच्या बदल्यात आईबापाच्या शेवटच्या घटकेला त्यांच्या हातात पेटती मेणबत्ती धरायची तीही धाकट्यानंच. मेणबत्तीवाचून गेलेला माणूस पलीकडं अंधारात चाचपडत राहतो. असं मरण आम्ही वैऱ्यालाही चिंतत नाही.

मागच्या साली, द्राक्षं खुडून झाली होती तेव्हाची गोष्ट. इलारी आला. गावातलाच पोरगा, मार्चेलच्याच कारखान्यात त्याच्या शेजारी उभा राहून काम करतो. टोपी काखेत, हातात गाडीच्या चाकाएवढं फुलांचं कडं आणि त्याला काळी फीत. फाटकातूनच म्हणाला, "देव त्यांना क्षमा करो, पारस्किवा मावशी."

"कुणाला?"

"अक्सिन्ते काकांना."

अक्सिन्ते म्हणजे माझा नवरा. तो त्याच्यासमोर बाकावर बसून घेवडा सोलत होता.

इलारीचं तोंड उघडंच राहिलं. "काका... अहो, मार्चेलला रजा दिली की! बाप गेला म्हणून. आम्ही सगळ्यांनी मिळून हे फुलांचं..."

"मग तो कुठाय?" मी विचारलं.

"तो हॉलंडला गेला, मावशी. तिकडं माल एकदम पिकलाय. आठवडाभर माणसं कमी पडताहेत."

माझ्या नवऱ्यानं हातातली शेंग सोलून पुरी केली. "फितीवर काय लिहिलंय?"

"आमच्या सोबत्याच्या वडिलांस."

"फुलं खरी का?"

"प्लास्टिकची."

"मग टिकतील. ठेव तिकडं आणि बस. माझ्या नावानं पेला घे."

मी वाइन ओतली. इलारीनं सवयीनं मेलेल्यासाठी चार थेंब जमिनीवर सांडले, आणि मग कुठं बघावं हे त्याला कळेना.

मी फोन लावला. "मार्चेल, तुझा बाप कशानं मेला रे?"

तो म्हणाला, "आई, ते नुसतं तोंडानं म्हणायचं असतं. इथं सगळेच करतात. एकाची आजी चारदा मेलीय."

"आजी असेल. बाप एकदाच मरतो."

"त्यांचं काय बिघडलं? आत्ता काय करताहेत ते?"

"घेवडा सोलतोय."

"मग झालं तर! दे फोन त्यांना."

मी फोन पुढं केला. नवऱ्यानं मान हलवली. "मेलेली माणसं फोनवर बोलत नाहीत," म्हणाला. त्यानंतर तो मार्चेलशी कधी बोललाच नाही.

ईस्टरच्या आधीच्या उपासांत त्याची छाती भरली. डॉक्टरीणबाई आली, पाहून गेली, आणि जाताना माझा खांदा दाबला. तो शुक्रवार होता. मी मार्चेलला म्हटलं, "आता खराच जातोय. नीघ."

"मागू कशी रजा, आई? त्यांच्याकडं बाबा आधीच मेलेत!"

"न मागता ये."

"नोकरी जाईल. नोकरी गेली की कारखान्यानं दिलेली खोली जाते. खोली गेली की हॉलंडला जाणार कुठून? दोन्ही नोकऱ्या एका खाटेवर उभ्या आहेत, आई. बाबांना म्हणावं जरा थांबा. मी काहीतरी करतो."

मी आत जाऊन सांगितलं, "मार्चेल म्हणतो, थांबा."

"किती?" नवऱ्यानं विचारलं.

"ते नाही बोलला."

तो थांबला. शनिवारी आमच्या रोदिकानं, मोठ्या मुलीनं, मेणबत्ती पेटवली तर त्यानं मूठ आवळून घेतली. "धाकटा येऊ दे." रविवारी सकाळी पुन्हा तेच. घसा घरघरतोय, नखं निळी पडलीत, पण मूठ उघडत नाही. शेवटी दुपारी मीच त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "अक्सिन्ते, कुणी येत नाही. धर." तेव्हा त्यानं बोटं सोडली. रोदिकानं त्याच्या हाताभोवती हात धरला. मेण तिच्या मनगटावर ओघळत राहिलं, ती हलली नाही.

बुधवारी मूठमाती द्यायची होती. पेटी पुढच्या खोलीत, अंगणात सगळं गाव, चुलीवर बायका जेवण रांधताहेत, आणि फाटकाशी परदेशची गाडी थांबली. आधी इलारी उतरला, मागून मार्चेल. नवं जाकीट, हातात चॉकलेटची पिशवी. पेटी दिसली तसा "बाबा!" करून त्यानं असा हंबरडा फोडला की बायकांनी डोक्यावरच्या रुमालांना डोळे पुसले. मी त्याला पोटभर रडू दिलं. मग विचारलं, "रजा कशी मिळाली?"

"मिळाली, आई. सोड ना."

"कशी?"

"लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच विचारतेय. इलारी, तू सांग. ह्या खेपेला ह्यानं कुणाला मारलं?"

इलारी टोपी चुरगाळत राहिला. "तुम्हाला, मावशी."

चुलीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि घाईघाईनं छातीवर क्रूस काढला. मार्चेलनं माझे गुडघे धरले. "बाबांसाठीच केलं ना, आई! नाहीतर मला येताच आलं नसतं!"

"मारलंस कधी मला?"

"सोमवारी."

"आणि शनिवार-रविवार?"

त्यानं माझ्या गुडघ्यांवरची बोटं आत मुडपली. पण त्याच्या बोटांच्या पेरांत टोमॅटोच्या झाडाचा हिरवा डाग अजून होता, तो सगळ्यांनी पाहिला.

मी त्याचे हात गुडघ्यांवरून काढले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला मारायचंच होतं तर शुक्रवारी मारायचं होतंस. मी खुशीनं मेले असते, बापाची मूठ तरी वेळेवर सुटली असती. पण तू आधी टोमॅटो तोडलेस आणि मग आई मारलीस. घर रोदिकाचं, मळा रोदिकाचा, आणि माझ्या हातात मेणबत्ती धरेल तीही तीच. बापाला खांदा दे, चार घास खा, आणि आलास त्याच गाडीनं परत जा. मी खरी मरेन तेव्हा तुला कुणी कळवणार नाही. माझ्यासाठी तुझं रडून झालंय."