पावसातला तंबू आणि कोरडे मोजे

माझा जावई ट्रेंट ॲरिझोनाच्या वाळवंटातला. त्याच्या गावात पाणी गोठतं ते फक्त फ्रिजमध्ये. असा माणूस मला, ऑरिन हॉगनला, तंबू कोरडा कसा ठेवायचा हे शिकवत होता. मी सत्तावन्न हिवाळे कोल्टर तळ्याच्या बर्फावर बसून, बर्फाला भोक पाडून मासे धरलेत. त्याने सत्तावन्न मिनिटं फोनवर कुणाचं तरी बोलणं ऐकलं असेल. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणारी माणसं मी पाहिली आहेत, पण हा तर नुसत्या वासानेच पिवळा झालेला.

ट्रेंट वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याला काही कळत नाही, एवढंच म्हणतो. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही, 'बघू' म्हणतात. 'बघू' म्हणजे नाही, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. गेल्या ईस्टरला ट्रेंटने तळ्यावरच्या माझ्या जुन्या सोबत्याकडे, व्हर्नकडे, होडी मागितली. व्हर्न म्हणाला, "बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी हा गाडीला दोर बांधून व्हर्नच्या दारात हजर. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी ही तऱ्हा.

त्याच्याबरोबर जायची पाळी माझ्यावर आली ती क्रिस्टामुळे. क्रिस्टा माझी एकुलती एक मुलगी. मागच्या हिवाळ्यात मी बर्फावरून भिजून आलो, न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस इस्पितळात पडलो. मी तिकडे नळ्या लावून पडलेलो असताना तिने बर्फावर बसायचं माझं लाकडी खोपटं शेजाऱ्याला देऊन टाकलं. स्वतःच्या हाताने बांधलेलं, चाळीस वर्षं तळ्यावर ओढून नेलेलं खोपटं. मी घरी आलो तेव्हा शेजाऱ्याची कोंबडी त्यात अंडी घालत होती.

यंदा तिने नियम केला. जायचं तर ट्रेंटबरोबर, ट्रेंटच्या नव्या तंबूत. आणि परत आल्यावर ती माझे मोजे हात लावून बघणार.

"ओले निघाले की संपलं, डॅड," ती म्हणाली होती. "मग तळं खिडकीतून बघायचं."

"मी काय दुसरीतला मुलगा आहे?"

"दुसरीतला मुलगा ऐकतो तरी."

म्हणजे माझा उरलेला जन्म दोन मोज्यांवर येऊन ठेपला होता. बायको गेल्यापासून मला हिवाळ्यात उठायला तळं हे एकच कारण आहे. ते मी कुणाला सांगत नाही, कारण लगेच लोक कीव येऊन खिचडी झालेल्या भाज्यांचं गरम भांडं, म्हणजे हॉटडिश, घेऊन दारात उभे राहतात.

तर मार्चचा पहिला शनिवार, आणि सकाळपासून पाऊस. बर्फ अजून दोन फूट जाड होता, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. भीती होती ती भिजायची. ट्रेंटचा तंबू अस्तर भरलेला, गोधडीसारखा शिवलेला. कडाक्याच्या थंडीत असला तंबू उबदार असतो हे मी मान्य करतो. पण तो हिमासाठी असतो, पावसासाठी नाही. हिम वरून घसरून जातं. पाऊस सुईच्या भोकाभोकातून आत शिरतो, भरण पाणी पिऊन बसतं, आणि जाताना दोघांनी नेलेला तंबू येताना चौघांना उचलत नाही.

"म्हणून मी शिवणींना मेण लावलंय," ट्रेंट गाडीत म्हणाला. "दोन संध्याकाळी बसून. सगळ्या शिवणींना."

"दिवाणखान्यात?"

"हो. क्रिस्टा चिडली जरा."

तो जरा म्हणाला. मी माझ्या मुलीला ओळखतो.

तळ्यावर पोचल्यावर बघावं ते याचं नवीनच. आधी तंबू, मग त्याच्यावर चार काठ्यांवर ताणलेली ताडपत्री.

"ऑरिन, ताडपत्री तंबूला टेकू द्यायची नाही. मध्ये हातभर जागा ठेवा."

"का? दोघांचं भांडण झालंय?"

"टेकली की तिथून झिरपतं."

हे मला ठाऊक होतं. पण त्याच्या तोंडून आलं की खरी गोष्टही चुकीची वाटायला लागते. मग त्याने आत लाकडी फळ्यांची चौकट टाकली, पाय वर राहावेत म्हणून. शेगडी पेटवली आणि भर पावसात वरचे दोन झरोके उघडले.

"बाहेर पाऊस आणि तू खिडक्या उघडतोस?"

"शेगडीची वाफ आणि आपला श्वास आतून कापडाला लागतो आणि त्याचं पाणी होतं. बाहेरून कोरडे राहून आतून भिजायचो आपण."

"मग तू बोलणं कमी कर. निम्मी वाफ तिथेच वाचेल."

तो हसला. त्याला टोमणा मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग गिरमिट घेऊन बाहेर गेला आणि तंबूपासून वीस पावलांवर, उताराच्या बाजूला, बर्फात आरपार दोन भोकं पाडली. बर्फ सपाट दिसतो, पण त्यालाही उतार असतो. बर्फावर साचलेलं पावसाचं पाणी तंबूला वळसा घालून त्या भोकांकडे निघालं आणि गुळगुळ आवाज करत खाली गेलं.

"तळ्याला मोरी केलीस वाटतं," मी म्हणालो.

"हो, मोरीच," तो म्हणाला. अगदी खूश होऊन. "नाहीतर हेच पाणी तंबूतल्या मासे धरायच्या भोकांकडे आलं असतं."

मला सर्वांत जास्त राग कशाचा आला सांगू? आत टिपूस नव्हता. वर ताडपत्रीवर ताडताड वाजत होतं आणि आत आम्ही कोरडेठाक, सॉसेज खात बसलेलो. माझ्या खोपट्यात एवढ्या पावसात कोपऱ्यात डबा ठेवावा लागायचा. ट्रेंटने चार क्रॅपी मासे धरले. मी एक, तोही तळहाताएवढा.

दहाच्या सुमाराला वारा फिरला. तंबूच्या खालच्या कडेला बर्फावर लोळणारी झालर असते, तिच्याखालून गार झुळूक घोट्यांना लागायला लागली. मी खाली बघितलं आणि मला मनातून आनंद झाला. या शहाण्याने मेण लावलं, मोरी केली, सगळं केलं, आणि झालरीवर बर्फाची पाळ घालायला विसरला. तंबू उभारला की फावड्याने भोवती बर्फ ओढायचा आणि झालर दाबून टाकायची, ही इथली पहिली गोष्ट. माझ्या वडिलांनी मला ती फावडं माझ्यापेक्षा उंच होतं तेव्हा शिकवली. पाळ न घालता मी सत्तावन्न वर्षांत एकदाही बसलो नाही.

"जरा मोकळा होऊन येतो," मी म्हणालो.

बाहेर जाऊन मी फावडं घेतलं आणि पाळ घातली. वारा उताराकडून होता, म्हणून त्या बाजूला चांगली गुडघाभर घातली, वरून फावड्याने थोपटली. अशी पाळ त्या तळ्यावर दुसऱ्या कुणाला घालता येत नाही, हे मी घालतानाच स्वतःला सांगितलं. आत आलो तेव्हा झुळूक थांबलेली होती.

"आता बघ किती ऊब लागते," मी म्हणालो.

"काय केलंत?"

"तुझ्या फोनमध्ये नसलेलं काहीतरी."

बूट बाहेरून भिजले होते. मोज्यांना ओल लागू नये म्हणून मी ते काढून शेगडीजवळ ठेवले आणि पाय फळ्यांवर घेऊन बसलो. मोजे कोरडे होते. मी दोनदा चाचपून बघितले. क्रिस्टाला दाखवायचे कसे, कुठल्या थाटात पाय पुढे करायचा, हेही ठरवून टाकलं.

अर्ध्या तासाने माझी गळाची काठी वाकली. मासा मोठा होता, हाताला कळतं ते. मी उठलो, एक पाय फळीवरून खाली टाकला, आणि तो घोट्याच्या वर पाण्यात गेला. दुसराही गेला. मासा गेला तो गेलाच.

तंबूत पाणी शिरलं होतं, आणि फळ्यांखाली काळोखात ते चढत असताना आम्हाला दोघांनाही दिसलं नव्हतं. ट्रेंट बाहेर गेला. मला आतूनच समजलं. थंडीत पाळ वारा अडवते. पावसात ती पाणी अडवते. उताराच्या बाजूला मी स्वतःच्या हाताने धरण बांधलं होतं. वळसा घालून जाणारं पाणी पाळीला अडून तुंबलं, चढाकडून झालरीखालून आत आलं, त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही, मोरीपर्यंत जाणं तर दूरच. ते आमच्या मासे धरायच्या भोकांकडे वळलं, पण भोकांभोवतीही मीच चिखलासारखा बर्फ लोटून ठेवलेला. आणि पाळीतला बर्फ पाणी पिऊन ते झालरीला देत होता. गोधडीचं कापड कंदिलाच्या वातीसारखं कमरेपर्यंत भिजलं होतं.

बाहेरून लाथा मारल्याचा आवाज आला. पाळ फुटली आणि आतलं पाणी मिनिटभरात ओसरलं.

ट्रेंट आत आला. आता हा काहीतरी बोलणार म्हणून मी तयारीत होतो. उत्तरसुद्धा तयार होतं. पण तो फळीवर बसला, बूट काढले आणि मोजे काढायला लागला.

"हे काय चाललंय?"

"क्रिस्टा हात लावून बघते," तो म्हणाला. "आणि माझे तसेच आहेत, करडे. तिने दोघांना एकाच पाकिटातून दिले."

"मला नकोत तुझे मोजे."

आमच्याकडे कुणी काही देऊ केलं तर तीनदा नको म्हणायचं असतं. मी एकदाच म्हणालो, तेही बारीक आवाजात. त्याने माझे पाय स्वतःच्या शर्टाने पुसले. मला ते आवडलं नाही, पण पाय सुन्न झाले होते. मग त्याने माझे ओले मोजे पिळून स्वतःच्या पायात घातले. घालताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून दात आवळलेले मी बघितले. वाळवंटातला माणूस तो.

परत येताना गाडीत मी एकदाच बोललो. "मासा दोन पौंडांचा तरी होता."

"मोठाच असणार," तो म्हणाला.

क्रिस्टा गॅरेजच्या दारातच उभी होती.

"पाय."

मी गॅरेजमधल्या बाकावर बसून बूट काढले. तिने आधी तळवा दाबला, मग बोटं, मग टाच.

"कोरडे," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती जास्त घाबरलेली होती. मग ट्रेंट तंबू ओढत आला आणि त्याच्या बुटांतून पचक पचक आवाज आला. तंबूतून तर गॅरेजभर ओघळ.

"हे काय? तू तर दोन संध्याकाळी माझा गालिचा मेणाने भरवलास."

"माझीच चूक," ट्रेंट म्हणाला. "मी झालरीला पाळ घातली."

"पावसात?" क्रिस्टाने कपाळाला हात लावला. "पावसात पाळ? अरे, हे कुणी करतं का? डॅड, तू होतास ना तिथे? तू बघत काय बसलास?" आणि मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "नको, तुला कशाला बोलू. तुझे पाय कोरडे आहेत, तू तुझं बघितलंस. ट्रेंट, याच्यापुढे डॅड व्हर्नबरोबर जाईल. तू घरी बस."

मला आणखी काय हवं होतं? व्हर्नचं खोपटं लाकडी आहे, व्हर्न बोलत नाही, आणि व्हर्नकडे फोनच नाही. नऊ वर्षं मी जे मनात मागत होतो ते मुलीने आपणहून ताटात वाढलं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तर आम्हाला जन्मापासून येतं. ट्रेंट मान खाली घालून तंबूची चेन उघडत होता, आणि त्याचे पाय गुलाबी नव्हे, पांढरे पडले असणार हे मला माहीत होतं.

"पाळ मी घातली," मी म्हणालो.

क्रिस्टा वळली.

"गुडघाभर घातली. वर थोपटलीही. आणि हे मोजे त्याचे आहेत."

मोज्यांचं सांगणं सोपं गेलं. पाळीचं सांगताना मात्र मी काढलेल्या बुटांकडेच बघत होतो. सत्तावन्न वर्षं. माझे वडील असते तर त्यांनी मला फावड्याने हाणलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

 क्रिस्टाने खाली वाकून माझा दुसरा बूट नीट भिंतीशी लावला, उगाचच.

"मग पुढचा हिवाळा?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिचा आवाज ओला होता. मी काही तिला दोष देत नाही. नियम तिने आधीच सांगितला होता.

गॅरेजमध्ये आम्ही दोघं उरलो. ट्रेंटचा चेहरा उजळला होता.

"ऐकलंत ना? बघू म्हणाली," तो म्हणाला. "मग हा आजच वाळवायला हवा. ओला गुंडाळला तर बुरशी धरेल, पुढच्या वर्षी उघडता यायचा नाही."

त्याने आढ्याला दोरी बांधली, पंखा आणला, सगळ्या चेना उघडल्या. तंबू पाणी पिऊन इतका जड झाला होता की त्याला एकट्याला उचलेना. ओल्या मोज्यांनी फरशीवर ठसे उमटवत तो इकडून तिकडे फिरत होता.

"आधी मोजे बदल, गाढवा," मी म्हणालो. "आणि झालर वर कर. झालर खाली ठेवून कुणी तंबू वाळत घालतं का?"

मग मी उठलो आणि दुसरं टोक धरलं. 'बघू'चा अर्थ मी त्याला सांगितला नाही.