तीन रंगांचा पगार

यादव साहेबांनी "साडेपाच हजार" म्हटलं आणि छाया दचकली. आकडा कमी होता हे तर खरंच. पण त्याहून वाईट म्हणजे तो तिचाच आकडा होता, घरात बसून ठरवलेला, चार भिंतींच्या आत बोललेला.

छाया अंबडच्या एका लहान कारखान्यात सात वर्षं क्वालिटीला होती. लेथवरून उतरलेले बुश, म्हणजे लोखंडी नळकांडी, व्हर्नियरने मोजायचे, गेजमध्ये, म्हणजे ठरल्या मापाच्या साच्यात, घालून बघायचे, बसले तर पास, नाही तर लाल क्रेटमध्ये. पगार बेचाळीसशे. शेठ दर दिवाळीला "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे आणि पुढच्या वर्षी मिठाईचा बॉक्स तेवढा मोठा करायचे. दोन हजार तीन साली गोंद्याला एक मोठा कारखाना नव्याने उभा राहिला, तिथून छायाला बोलावणं आलं, आणि ती पहिल्यांदाच मिठाईचं सोडून पगाराचं बोलायला निघाली.

जायच्या आधीच्या रविवारी मखमलाबादच्या घरी ओटीवर झेंडूचा ढीग पडला होता. सासूबाई, वत्सलाबाई, स्वतःच्या मळ्यातली फुलं बाजारात विकायच्या. रविवारी सगळं घर माळा ओवायला बसायचं. नवरा हिरामण होता. तिच्याच टेबलावर काम करणारी आशा फुलं न्यायला आली होती, तीही सुई घेऊन बसली. बोलता बोलता छाया म्हणाली, "मागणार साडेसात. पण खरं सांगू का, साडेपाचला पण हो म्हणेन. त्याच्याखाली मात्र नाही."

बस, एवढंच बोलली होती. आणि आता भरती बघणारे पर्सोनेलचे यादव साहेब तिची पगाराची स्लिप बोटाने टेबलावर सरकवत हसत होते. "साडेसात वगैरे राहू द्या हो, ताई. तुम्ही साडेपाच ठरवून आला आहात, मला माहीत आहे."

मग सहज विचारावं तसं म्हणाले, "मिस्टर पतसंस्थेत आहेत ना तुमचे? आमचं खातं आहे तिथं."

"विचार करून सांगते," एवढंच छाया कसंबसं बोलली. बाहेर पडताना ती इन्स्पेक्शनच्या खोलीवरून गेली. एक टेबल रिकामं होतं, त्यावर मुंबईच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या लावलेले, न तपासलेल्या मालाचे क्रेट एकावर एक चढले होते, आणि व्हर्नियरच्या पेटीवर धूळ बसली होती. हे सगळं तिच्या डोळ्यांनी पाहिलं, डोक्यात मात्र काही शिरलं नाही. डोक्यात एकच किडा वळवळत होता. कुणी सांगितलं?

संशय एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा ओसरीवर थांबत नाही, थेट स्वयंपाकघरात येतो. हिरामण त्या दिवशी उशिरा आला. का उशीर? त्याने विचारलं, "ठरलं का गं?" एवढ्या हळू आवाजात का विचारलं? पतसंस्थेत त्याला सहा हजार होते. बायकोला साडेसात झाले तर चारचौघांत कसं दिसेल, हे त्याच्या मनात आलं नसेल कशावरून? शिवाय गोंद्याची बस पहाटे निघणार, मग त्याचा डबा कोण करणार?

बरं, आशा काय कमी होती? तिचा दीर त्याच गोंद्याच्या कारखान्यात स्टोअरला होता. छायाची जागा मोकळी व्हावी, की तिने जाऊच नये, आशाला यातलं काय हवं होतं ते छायाला सांगता आलं नसतं, पण काहीतरी हवं असणार एवढं नक्की. आणि सासूबाईंच्या जिभेला तर हाडच नव्हतं. सकाळी फुलांच्या पाटीशी बोललेलं दुपारपर्यंत रविवार कारंज्याच्या चौकात पोचायचं. वत्सलाबाई बिचाऱ्या कुणाचं वाईट चिंतायच्या नाहीत, पण बातमी पोटात ठेवणं त्यांना जड जायचं.

छायाच्या जागी दुसरी कुणी असती तर भांडली असती, रडली असती, नाहीतर विसरून गेली असती. छाया क्वालिटीची बाई. तिने तपासणी लावली.

कारखान्यात पूर्वी तीन लेथचा माल एकाच क्रेटमध्ये यायचा आणि त्यात खराब बुश निघायचे. तिघेही ऑपरेटर एकमेकांकडे बोट दाखवायचे. तेव्हा छायाने प्रत्येक लेथच्या मालाला वेगळा रंग लावायला सांगितला होता. एकाला लाल, एकाला पिवळा, एकाला हिरवा. खराब तुकडा निघाला की रंगच बोलायचा. तेच तिने घरी केलं. हिरामणला एकट्याला गाठून सांगितलं, "आता मी सहाच्या खाली जाणार नाही. कुणाला बोलू नका." आशाला डबा खाताना सांगितलं, साडेसहा. सासूबाईंना माळा ओवताना सांगितलं, सात. तिघांनाही बजावलं की हे फक्त तुमच्यापाशी. तिघांनीही मान डोलावली, आणि तिघांचीही मान तिला जरा जास्तच डोलल्यासारखी वाटली.

यादव साहेबांचा फोन आला, शेजारच्या पीसीओवर. पुन्हा या, म्हणाले. छाया गेली. साहेबांनी चहा मागवला, उन्हाळ्याबद्दल बोलले, मग पेन खाली ठेवून म्हणाले, "हे बघा, शेवटचं सांगतो. सहा. याच्यावर तुम्ही जाणार नाही आणि मीही जाणार नाही."

लाल. हिरामणचा रंग.

छायाला परतीच्या बसमध्ये काही दिसत नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हिरामण अबोल होता, कंजूष होता, गाडीवर तिच्या आईकडे जाताना उगाच तोंड पाडायचा, पण पाठीमागून वार करणारा तो नव्हता, असं ती आजवर समजत होती. तिला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. रडू येत होतं, ते तिने दाबून धरलं.

जेवताना तिने ताट वाढलं आणि विषय काढलाच. "साहेब सहा म्हणाले. बरोब्बर सहा. त्यांना कसं कळलं असेल हो?"

हिरामणने घास थांबवला. "मला काय माहीत?"

"तुम्हालाच तर माहीत होतं."

तेवढ्यात वत्सलाबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "सहाला व्हय म्हनलीस का काय? अगं, तू तर मला सात बोल्ली व्हतीस. सातच्या खाली नाय म्हनून. मी कुनालाबी सांगितलं नाय हां, देवाशप्पत. लय जड गेलं, पन नाय सांगितलं."

"सात?" हिरामणने आईकडे बघितलं, मग बायकोकडे. "मला तर सहा सांगितलं हिनं."

छायाने भाजीची वाटी पुढे सरकवली, ती त्याने घेतली नाही. पतसंस्थेत कर्जाच्या अर्जावर खोटी सही ओळखणारा माणूस तो, त्याला एवढं समजायला वेळ लागला नाही.

"आशाला किती सांगितलंस?"

"साडेसहा," छाया खाली बघून म्हणाली. मग लेथचं, रंगांचं सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला स्वतःलाच ते घाण वाटलं, पण तरी शेवटी म्हणाली, "आणि तुमचाच आकडा आला ना?"

"म्हणजे आई, मी आणि आशा, आम्ही तीन लेथ," हिरामण म्हणाला. ताटावरून उठला, हात धुतला. "मी कुणाला काही बोललो नाही, छाया. विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही.

यादव साहेबांचा पुन्हा फोन आला. छाया गेली ती पगाराचं बोलायला म्हणून गेलीच नाही. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "साहेब, नोकरी द्या नाहीतर देऊ नका, पण एक खरं सांगा. साडेपाच आणि सहा हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

साहेब चक्रावले. "कुणी म्हणजे?"

"माझ्या घरचं कुणी?"

यादव साहेब हसायला लागले. वाईट माणूस नव्हता, फक्त आपल्या हुशारीवर खूष होता, आणि अशा माणसाला हुशारी उलगडून दाखवायचा मोह आवरत नाही. "अहो ताई, कुणी कशाला सांगायला हवं? स्लिपवर बेचाळीसशे. त्यावर तीस टक्के. अंबड-सातपूरमधून जो येतो तो मनात एवढंच धरून येतो, म्हणून मी सगळ्यांनाच म्हणतो, तुम्ही ठरवून आला आहात. सगळे दचकतात."

"आणि सहा?"

साहेबांनी जरा घसा साफ केला. "तुमच्या मिस्टरांना साधारण तेवढाच असणार. अर्जात पतसंस्था लिहिली आहे तुम्ही, तिथले पगार माहीत आहेत मला. बायका नवऱ्याच्या पगाराच्या पुढे सहसा मागत नाहीत. तिथं थांबतात."

छाया आता कुठे खुर्चीत बसली. हिरामणला सांगायला तिने सहाच का निवडले होते? साडेसहा का नाही, सात का नाही? त्याला लागू नये म्हणून. त्याच्या पुढे जाणारा आकडा त्याच्या तोंडावर बोलायला जीभ रेटली नव्हती म्हणून. म्हणजे साहेबांनी तिला ओळखलं होतं आणि पकडलं गेलं होतं भलतंच माणूस. सगळाच माल नापास व्हायला लागला की आधी आपला गेज तपासायचा, हे ती नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवायची. स्वतः मात्र तिने तिन्ही लेथ उघडून बघितले होते.

आणि मग तिला ते धूळ बसलेलं टेबल आठवलं. चढलेले क्रेट आठवले. हा माणूस तिला तिसऱ्यांदा बोलावतोय, चहा पाजतोय. का? सगळ्या जगावर संशय घेऊन झाला होता, ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो समोर बसून बिस्किटं पुढे करत होता.

"तुमचा इन्स्पेक्टर सोडून गेलाय ना, साहेब?" छाया म्हणाली. "आणि मुंबईचं गिऱ्हाईक माल बघायला येणार असेल."

साहेबांचं हसू जरा आटलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," छाया म्हणाली. "आठ द्या."

घासाघीस झाली. साहेबांनी बजेटचं सांगितलं, छायाने पहाटेच्या बसचं सांगितलं. साहेब एकदा उठून आत जाऊन आले. शेवटी साडेसातवर थांबले, ती पहिल्या दिवशी मागायला आली होती तिथंच. नेमणुकीचं पत्र त्याच दिवशी टाईप झालं.

घरी आली तेव्हा हिरामण ओटीवर एकटाच झेंडू ओवत बसला होता. वत्सलाबाई मळ्यात गेल्या होत्या. छाया त्याच्यासमोर बसली आणि तिने एका दमात सगळं सांगितलं, तीस टक्क्यांचं, नवऱ्याच्या पगाराचं, रिकाम्या टेबलाचं. "तुमचा काही दोष नव्हता," ती म्हणाली. "माझं चुकलं. फार चुकलं."

त्याने मान हलवली. सुईत फूल ओढलं. मग विचारलं, "किती ठरले?"

"साडेसात."

हिरामणने वर बघितलं. राग नव्हता त्याच्या नजरेत. छाया टेबलावर एखादा बुश उचलून बघायची ना, फिरवून, उजेडाकडे धरून, तसा तो बघत होता.

"हा खरा आकडा," त्याने विचारलं, "की माझ्या रंगाचा?"

छायाचा हात पर्सकडे गेला, पत्र काढायला. "कागद नको दाखवूस," तो म्हणाला. "तोंडानंच सांग."

तिने सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि पुढचं फूल उचललं, आणि त्याला ते पटलं की नाही हे ओळखायला छायाकडे काही माप नव्हतं.