भुजंगाचं फिट

वालूरात बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवावी ती लिंबाजी लोहारानंच. तापून लाल झालेली धाव चाकावर उतरवायची, वरून घागरीनं पाणी ओतायचं आणि ती आवळली की लिंबाजी हातोडीनं चाकभर ठोकून आवाज ऐकायचा. मग मान वर करून म्हणायचा, "बसली." तोवर गाडीला बैल जुंपायची कुणाची छाती नव्हती. निजामी गेली, हा रिवाज काही गेला नाही.

मग येलदरीच्या धरणावर दोन वर्षं काम करून धाकटा भाऊ भुजंग परत आला आणि येताना एक शब्द घेऊन आला. फिट. पान्यानं नट आवळला की फिट. आश्रुबाचा ताप उतरला, म्हातारा फिट. छबूबाईच्या पोरीला आलेलं स्थळ फिट. महिन्याभरात गावाला दुसरं काही बोलताच येईना. पंगतीत वाढप्यानं आणखी हवं का विचारलं, तरी लोक पोटावरून हात फिरवून हेच सांगायचे.

त्या शब्दाची आपल्याला चीड आहे, असं लिंबाजी सांगे. खरं म्हणजे त्याचा जळफळाट होत होता, आणि तो भावावर होत होता. ज्याला आपण भाता ओढायला शिकवलं त्याच्याभोवती लोक कोंडाळं करून बसतात, हे त्याला बघवत नव्हतं. एकदा त्याची बायको धुरपदाबाई नवी चोळी घालून समोर आली. "आवं, बगा की, कशी फिट झालीय!"

"जा, तुज्या दिराला दाखीव," लिंबाजी म्हणाला, आणि त्या दिवशी जेवलाच नाही.

दिवाळीनंतर गावातल्या रामकिशननं आपल्या गाडीचं चाक आणलं. त्याला कापूस सेलूच्या बाजारात न्यायचा होता. "दादा, ही धाव मी चढवतो," भुजंग म्हणाला. लिंबाजी मुकाट्यानं भात्यावर बसला. भुजंगानं माप घेतलं, धाव चढवली, पाणी ओतलं, चार ठोके मारले आणि ओरडला, "फिट!" सगळे हसले. रामकिशननं सवयीनं लिंबाजीकडे पाहिलं.

चारांतला एक ठोका भद्द वाजला होता. तिथं धाव ढिली होती. लिंबाजीला ते स्वच्छ ऐकू आलं. पण त्याच्या मनात आलं, जाऊ दे गाडी, कळू दे गावाला फिट म्हणजे काय असतं ते. त्यानं सुपारी या गालातून त्या गालात सरकवली आणि भाता आवरायला घेतला.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. ओढ्याच्या उतारावर धाव निसटली, चाक मोडलं, गाडी कलंडली आणि रामकिशनच्या एका बैलाचा पाय मोडला. ऐकून लिंबाजीला आधी बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

दुपारी रामकिशन स्वतः आला. भुजंग कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता.

"त्याला काई बोलू नका, मामा," रामकिशन म्हणाला. "चूक माजी हाय. तुमी 'बसली' मनला न्हाईत, तरी मी बैल जुपले. तुमाला कळलं असतं तर तुमी सांगितलंच असतं की."

भुजंगानं मान वर करून भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

फिट गावातून दोन दिवसांत उठलं. आठवड्यानं रामकिशन नवं चाक घेऊन आला तेव्हा निम्मं गाव लोहाराच्या दारात होतं. या वेळी लिंबाजीनं स्वतः धाव चढवली. तो चाकभर ठोकत फिरला. प्रत्येक ठोका खणखणीत वाजला. लोक त्याच्या एका शब्दासाठी थांबले होते, त्याला हवे होते अगदी तसेच.

"मामा, बसली का?" रामकिशननं विचारलं.

"बसली," लिंबाजी म्हणाला. मग त्याला राहवेना. "त्या दिवशी बसली नव्हती, तेबी मला कळलं व्हतं, रामकिशन."

रामकिशननं पुढं होऊन त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली, चाकापाशी वाकला, आणि स्वतःच एकेक ठोका मारून ऐकू लागला.